सकवारचा अबोला

६ मार्च १९६१, सोमवार

आज दुपारी फोर्डचं इंजिन सुरू झालं. लष्कराच्या डिस्पोजलमधून भंगार म्हणून उचललेलं, बाकीच्या मेस्त्र्यांनी हात जोडून परत पाठवलेलं इंजिन. केवढ्याला पडलं, असं जो तो विचारतो. पावतीवरचा आकडा कुणालाही सांगेन, पण खरी किंमत इथेच लिहिलेली बरी. डाव्या अंगठ्याचं नख गेलं. परसातला कढीपत्ता गेला, कारण इंजिन ठेवायला दुसरी जागा नव्हती. सकवारचा आंघोळीच्या पाण्याचा हंडा गेला, कारण पिस्टन उकळायला दुसरं भांडं नव्हतं. आणि त्या हंड्यापायी सकवारनं आठ दिवस अबोला धरला.

हा शेवटचा खर्च सगळ्यात जड. एरवी ही बाई माझं एक वाक्य खाली पडू देत नाही, लगेच उलट देते. पण खरी रागावली की गप्प होते. भांडत नाही, भांडी आपटत नाही. पाट मांडते, वाढते, आणि माझ्याकडे असं बघते की जणू मी भिंतीवरचं कॅलेंडर आहे, तेही गेल्या वर्षाचं.

आज इंजिन धडधडलं तशी दारात येऊन म्हणाली, "आता पाणी ह्यातच तापवायचं का?" म्हणजे अबोला सुटला.

सगळ्या कलासीपाळ्यात, ह्या आमच्या बसवाल्यांच्या पेठेत, बोलतात, खंडोजीअण्णाचा कान. बस वळणावर असते तेव्हाच मी सांगतो, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बसलाय. लढाईच्या काळात गोऱ्यांच्या वर्कशॉपात सुटे भाग धूत होतो, तेव्हा कुणी काही शिकवलं नाही. मीच ऐकत गेलो. आज दोन शेड आहेत त्या ह्या कानावर. गाडी असो की माणूस, बिघाड तोंडानं सांगायच्या आधी मला ऐकू येतो.

९ मार्च, गुरुवार

सकवार इस्पितळात आहे.

परवापासून डोकं धरून होती. सुंठ उगाळून लावली, उतरेना. काल उलट्या. आज सकाळी दारातून ऊन आत आलं तर हात डोळ्यांवर घेऊन कण्हली. ते कण्हणं मला कळलं. डोकं दुखतं तेव्हा ती मला बोल लावत कण्हते. आजचं कण्हणं कुणालाच उद्देशून नव्हतं. उठवायला मानेखाली हात घातला तर मान वाकेना, आख्खी बाई फळीसारखी वर आली.

शेडमध्ये दुरुस्तीला एक बस उभी होती, सीट काढलेल्या, ब्रेक अर्धेच. तीच काढली. मोकळ्या फरशीवर गादी टाकून सकवारला झोपवलं आणि चिकपेटेतून हॉर्न दाबत नेली.

सरकारी इस्पितळातले डॉक्टर विद्याधर वयानं लहान आहेत, धारवाडकडचे, मराठी चांगलं बोलतात. म्हणाले, मेंदूच्या आवरणात पू झालाय अशी शंका आहे, पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढून बघावं लागेल. तेवढ्यात सकवारची थोरली बहीण कृष्णाबाईअक्का येऊन पोचली. ती सही करू देईना. पाठीचं पाणी काढलेलं माणूस घरी येत नाही, म्हणाली, आणि गल्लीतली दोन नावं सांगितली. मी विचारलं, पाणी काढलं म्हणून ती दोघं मेली, की मरायला टेकल्यावर नेली म्हणून पाणी काढावं लागलं? मी सही केली.

पाणी ताकासारखं गढूळ आलं. शंका खरी ठरली.

१० मार्च, शुक्रवार

सुया चालू. हाताला सलाईन, नाकात रबरी नळी. मधूनच हात झाडते. ओळखत नाही.

डॉक्टरांना सरळ विचारलं, ह्या आजारात माणूस नेमका कशानं मरतो? मला माझ्या धंद्यासारखं समजावून सांगा, मऊ करून सांगू नका. सांगितलं. कवटी काही फुगत नाही, आत सूज वाढली की मेंदूला जागा उरत नाही आणि श्वासाची किल्ली मेंदूतच आहे. कुणाच्या रक्तात विष उतरतं आणि नाडी कोसळते. कुणाची आकडी थांबत नाही. मग म्हणाले, की ह्या सगळ्यातून वाचतात आणि तरी जातात, असेही पुष्कळ आहेत. ती माणसं छातीनं जातात. त्याचाच ते अभ्यास करताहेत. मेलेल्याचं शरीर उघडून बघितलं तर कळेल, पण नातेवाईक परवानगी देत नाहीत.

मी म्हटलं, मेंदूचा आजार आणि छातीनं कसं मरतं माणूस? ते म्हणाले, सिस्टरला विचारा, तिच्याइतकं कुणी ओरडलेलं नाही त्यावर.

सिस्टर मंगळूरची आहे, उंच, आवाज खणखणीत. तिनं खाटेच्या डोक्याशी लावलेली पाटी दाखवली. शुद्ध पुरती येईपर्यंत तोंडानं काही देऊ नये. कन्नडमध्येही लिहिलंय, तमिळमध्येही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला गिळायचं भान नसतं, म्हणाली, दिलेलं पोटात न जाता फुप्फुसात जातं. अकरा वर्षं हेच सांगतेय आणि मी वळले की लोक चमचा काढतात.

म्हणजे कार्बोरेटरमध्ये पाणी. एवढं मला कळतं.

१३ मार्च, सोमवार

वॉर्डात बायका आणि पुरुष यांच्यामध्ये नुसता हिरवा पडदा आहे. पलीकडे देवाप्पा म्हणून गवंडी आहे, चिकोडीकडचा, तोच आजार. त्याची आई गंगव्वा भिंतीशी बसून असते. तिचं मराठी आमच्याहून गोड. काल त्यानं डोळे उघडले तेव्हा ती पडद्याआडून मला सांगायला आली. मी तिला माझ्याजवळचा फुटाण्यांचा पुडा दिला. दोघं मिळून खाल्ले.

आज चारच्या सुमारास पलीकडून पितळी वाटीवर चमचा वाजला. मग हळू आवाजात गंगव्वा, "दोन घोट घे रे बाळा, तांदळाची गंजीच हाय." मग गिळल्याचा आवाज. मग एक खोकला, अगदी बारका. आणि त्यानंतरचा श्वास. सायलेन्सरमध्ये पाणी गेल्यावर गाडी जशी बोलते, तसा.

मी सिस्टरला हाक मारत धावलो. तिनं त्याला कुशीवर वळवलं, नळी घालून ओढून काढलं, पण गेलेलं सगळं येत नाही, म्हणाली. गंगव्वा वाटी पदराखाली धरून उभी होती.

१५ मार्च, बुधवार

देवाप्पा सकाळी गेला. डोक्याचा ताप उतरला होता, छाती भरली.

डॉक्टरांनी शरीर उघडायची परवानगी मागितली. गंगव्वानं नाही म्हणून मान हलवली. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, उघडायचं कशाला, मी पडद्याआडून ऐकलंय. ते म्हणाले, तुम्ही बरोबर ऐकलंत खंडोजीराव, पण तुमच्या कानावर पुस्तक लिहिता येत नाही.

निघताना गंगव्वा माझ्यापाशी आली. विचारलं, "अण्णा, तुमी इतंच हुता. माझं लेकरू कशानं गेलं?"

मी आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं नाही. तुझ्या चुकीनं इंजिन जळलं, असं तोंडावर सांगतो.

"तापानं गेलं, आई," म्हटलं.

१७ मार्च, शुक्रवार. युगादी

आज माझा पाडव्याचा कडुनिंब इस्पितळातच खाऊन झाला.

सकवार हलायला लागलीय. डोळे अर्धे उघडते, ओठ चाटते, आणि एकच शब्द, पाणी. पाणी. पाणी. सिस्टर म्हणते, भान अजून आलेलं नाही, नळीतून जातंय तेवढं पुरतं, ओठ ओल्या कापसानं पुसा. मी पुसतो. ती कापूस चोखायला बघते. मी काढून घेतो.

आणि नेमकी आज कृष्णाबाईअक्का माहेरची सगळी फौज घेऊन आली. हातात धर्मरायाच्या देवळातलं तीर्थ. पळीभरच, म्हणाली. सणाचा दिवस आहे. माझ्या बहिणीच्या घशाला कोरड पडलीय. मी म्हटलं, देवाचं आहे ते, कपाळाला लाव, पायाला लाव, तोंडात नाही. अक्का म्हणाली, तू कोण सांगणारा? मी म्हटलं, नवरा. मग मात्र सगळेच बोलू लागले. तिचा एक पुतण्या मला बाजूला सारायला पुढे आला. खिशात नटबोल्टाचा मोठा पाना होता, सवयीनं असतोच, तो काढून मी मांडीवर ठेवला आणि स्टुलावर बसलो. कुणाला मारणार नव्हतो. पण ते त्यांना कसं कळणार?

अक्का पळी हातात तशीच धरून रडायला लागली. "दुश्मन मरत असला तरी त्याच्या तोंडात पाणी घालतात, खंडोजी. ही तुझी बायको आहे."

मी म्हटलं, "म्हणूनच नाही."

त्याच वेळी सकवारनं डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पाणी. ओळखून म्हणाली. माझं नाव नाही घेतलं, पण बघणं मला कळतं. मी हात मांडीवरून उचलला नाही.

अक्का जाताना सांगून गेली की ही तहान सकवार विसरणार नाही. नाही विसरली तर नाही. लक्षात ठेवायला तरी बाई जिवंत लागते.

२१ मार्च, मंगळवार

सगळ्या पेटेत बोभाटा झालाय. तडफडणाऱ्या बायकोला पाणी दिलं नाही, पाना घेऊन बसला. शेडवर एका ड्रायव्हरनं मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं, तसंच बंद केलं. म्हटलं, जा, तुझ्या गाडीला तीर्थ पाज.

ताप नाही. मान वाकते.

२४ मार्च, शुक्रवार

सिस्टरनं स्वतः पहिला चमचा पाजला. सकवारनं गिळला, खोकली नाही. मी श्वास ऐकला: साफ, नव्या इंजिनासारखा. आणखी एक चमचा. आणखी एक. मग सकवारनं वाटीच हातात घेतली.

मी जवळ जाऊन म्हटलं, बरं वाटतंय? तिनं उत्तर दिलं नाही. वाटीतल्या पाण्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि भिंतीकडे वळली.

समजलो. सतराव्या तारखेचा हिशेब आहे हा. हंड्यासाठी आठ दिवस, तर पाण्यासाठी किती होतील? होऊ देत. मी माफी मागणार नाही. जिवंत माणसाचा राग मला परवडतो.

२८ मार्च, मंगळवार

आज घरी आणली. त्याच बसमधून, आता ब्रेक पूर्ण आहेत. गल्लीच्या तोंडाशी बस थांबवली आणि सकवारला हाताला धरून भर दुपारी चालवत नेली, सगळ्यांनी बघावं म्हणून. कृष्णाबाईअक्का भाकरतुकडा ओवाळायला दारात होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, बघून घ्या, जशी नेली होती तशी आणलीय. एक केस कमी असेल तर सांगा.

अक्कानं डोळे पुसले.

निघताना विद्याधर डॉक्टर म्हणाले होते, दोन आठवड्यांनी आणा, कानांची तपासणी करून घेऊ, ह्या आजारात करावी लागते. मी हसलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमचं घर कानावरच चालतं. ते हसले नाहीत. म्हणाले, तरी आणा.

सरी म्हटलं, आणू.

१ एप्रिल, शनिवार

पहाटे धर्मरायाच्या देवळातून निघणारी करगाची, फुलांनी मढवलेल्या कलशाची, मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली. वाजंत्री, गोविंदा गोविंदा, फटाके, सगळी गल्ली रस्त्यावर. सकवार दरवर्षी सगळ्यांच्या आधी मोगऱ्याची फुलं घेऊन उभी असते. यंदा उठलीच नाही. आजारपणाचा थकवा. उठवली नाही.

अबोला चालू आहे.

४ एप्रिल, मंगळवार

अबोला आहे, पण वेगळ्या जातीचा. मध्येच बोलते आणि बोलते ती ओरडूनच. सकाळी "मीठ कुठं ठेवलंत," असं ओरडली की शेजारची विमला खिडकीत आली. मी हळूच म्हटलं, फडताळात. बघतच राहिली, मग स्वतः शोधायला गेली. माझं उत्तरही घ्यायचं नाही, असं ठरवलेलं दिसतं.

दूध उतू गेलं. चुलीकडे पाठ करून बसली होती, फसफसत खाली येईपर्यंत हलली नाही. मी धावलो. माझ्याकडे बघून रडली. दुधासाठी एवढं?

कानात गिरणी चालते म्हणाली. सुयांचा गुण असणार. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की अशक्तपणा महिनाभर राहील.

६ एप्रिल, गुरुवार

आज नवा हंडा आणला. तांब्याचा, जाड, जुन्यापेक्षा मोठा. तिच्यामागे जाऊन फरशीवर ठेवला, जरा वाजवूनच, तिनं वळून बघावं म्हणून. बघितलं नाही. मी तसाच उभा राहिलो. मग ती पदर सावरायला वळली तेव्हा दिसला आणि केवढ्यानं दचकली.

हंड्यावरून हात फिरवला. पण बोलली नाही.

आता मलाच राग यायला लागलाय. वाचवलं म्हणून एवढी शिक्षा? उद्या बोलायचं. तोंडावर बोलायचं.

९ एप्रिल, रविवार

बोललो. सकाळी जेवणाआधी पाटावर बसून सगळं सांगितलं. देवाप्पाचं, गंगव्वाच्या वाटीचं, त्या श्वासाचं. म्हटलं, तू पाणी मागत होतीस ते मला अजून ऐकू येतं, पण त्या दिवशी दिलं असतं तर आज हंडा कुणासाठी आणला असता? अबोला धरायचा तर धर, वर्षभर धर, पण का ते एकदा तोंडानं सांग.

ती सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होती. मी थांबलो तशी पुढे सरकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बोलली, नेहमीसारखीच मोठ्यानं, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं.

"तुम्ही सगळे माझ्यासमोर तोंडातल्या तोंडात बोलता. अक्का पण, विमला पण. मला सांगत नाही. डॉक्टरांनी काही सांगितलंय ना? मी वाचणार नसेन तर सांगून टाका. मी रागावणार नाही."

मी म्हटलं, असं काही नाही. तिनं कपाळाला आठी घातली. मी मोठ्यानं म्हटलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

मी उठून परसात गेलो. फोर्डचा सायलेन्सर पान्यानं उतरवला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. सकवार दाराकडे पाठ करून सुपात तांदूळ घेऊन बसली. दारापासून इंजिन दोन हातांवर. मी हँडल मारलं.

नारळावरचे कावळे उडाले. विमलानं खिडकी आपटून लावली, गल्लीतून कुणीतरी मला शिवी दिली, फडताळातले पेलेसुद्धा थरथरले. मी रेस वाढवली. आणखी वाढवली.

सकवारनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला, आणि दुसरा शोधायला लागली.

११ एप्रिल, मंगळवार

विद्याधर डॉक्टरांनी तपासलं. सकवारला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.